परवा सकाळी सात

मी उद्योजक आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नुसतं बघून कोणाच्या ते लक्षात येत नाही. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या अंगाला, माझी पत्र्याची शेड आहे. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला जो फूटव्हॉल्व्ह बसवतात, तो तिथं तयार होतो. आमच्याकडचे शेतकरी त्याला ‘फुटबॉल’ म्हणतात. दुकानदारही फुटबॉलच म्हणतात आणि ‘अडीच इंची फुटबॉल, नग पन्नास’ अशी लेखी ऑर्डर देतात. माझे सासरे काकासाहेब फुलंब्रीकडचे बागायतदार. त्यांच्या स्वतःच्या विहिरीत माझाच माल बसवलेला आहे. तरीही पाहुण्यारावळ्यांत माझी ओळख करून देताना ते म्हणतात, “आमचे जावई फुटबॉलमधी हायत.” मग समोरचा माणूस माझ्या पोटाकडं बघतो आणि विषय बदलतो.

धंदा म्हटला की फिरती आली. सोमवारी वैजापूर, मंगळवारी कन्नड, नंतर सिल्लोड, जालना, अंबड, पैठण, आणि रविवारी घरी येऊन पुन्हा सोमवारची तयारी. या फिरतीपायी मी घरातल्या एकाही कार्यक्रमाला वेळेवर पोचत नाही, असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे, पण तपशिलात अतिशयोक्ती होते. मुलीच्या बारशाला मी नव्हतो असं सगळे सांगतात. मी होतो. फक्त नाव ठेवून झालं होतं, आणि काय ठेवलं हे मला पाळण्याजवळच्या बायकांना विचारावं लागलं. मेव्हण्याच्या लग्नालाही मी गेलो होतो, मांडव उतरवताना दोन बांबू मीच धरले होते. जालना रोडला आम्ही प्लॉट घेतला, त्याच्या भूमिपूजनाला तर मी घरून निघणाऱ्या लोकांच्याही आधी निघालो होतो. फक्त मी कन्नडहून निघालो होतो. पोचलो तेव्हा कुदळ मारून झाली होती आणि फोडलेल्या नारळाची चटणी ताटात आली होती.

वर्षभरात घर उभं राहिलं आणि वास्तुशांतीची तारीख निघाली. त्या दिवशी आमची आशा चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. चिडलेल्या बायकोला कसं तोंड द्यायचं हे मला अनुभवानं माहीत आहे. पण ती पोळ्या लाटत होती, ते थांबवून तिनं शांतपणे सांगितलं.

“वाळू मी मोजून घेतली. स्लॅबवर पाणी मी मारलं. फरशीवाल्याशी मी भांडले. समदं एकटीनं झालं. पण वास्तुशांतीला पाटावर दोघं लागतात, ते एकटीनं व्हत नाय. या टायमाला तुमी शेजारी नसले, तर त्या घरात तुमची जागा मी कुठं धरायची?”

हे मला लागलं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मागितलं असेल तर मी गावाला असेन. वास्तुशांतीला सात वाजता पाटावर बसायचं, म्हणजे बसायचंच, अशी मी मनाशी शपथ घेतली. दीड महिना हातात होता. तेवढ्यात स्वतःला शिस्त लावून घ्यायची, असं ठरवलं.

तोवर माझी पद्धत साधी होती. काही कामं शर्टाच्या खिशात चिठ्ठ्यांवर असत, काही तळहातावर बॉलपेननं लिहिलेली असत, आणि उरलेली सगळी सोनाजीच्या डोक्यात असत. सोनाजी माझ्याकडं माल पोचवायच्या कामाला. वैजापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, पन्नाशी उलटलेला माणूस. त्याचे भाऊ अजून मेंढरांमागं असतात. हा एकटाच फुटबॉलांमागं आला. त्याला तारखा आवडत नाहीत. त्याचं सगळं पंचांग आठवडी बाजारांवर चालतं. “मालक, तात्यासाहेबांचा माल बोरगावच्या बाजारादिशी टाकू आन लासूरच्या बाजाराच्या आदल्या दिशी कन्नडवाल्याला गाठू,” असं तो म्हणे. मी गंभीरपणे मान हलवत असे. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी हे मला कधीच पाठ झालं नाही. माल मात्र जिथल्या तिथं, जेव्हाच्या तेव्हा पोचत असे, त्यामुळं ही पद्धत अशास्त्रीय आहे हे माझ्या ध्यानात यायला चौदा वर्षं लागली.

पहिली सुधारणा म्हणून मी गुलमंडीवरून डिजिटल डायरी आणली. मोबाइल फोन अजून आमच्या शहरात यायचे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. तळहाताएवढं काळं यंत्र, उघडलं की वर काच आणि खाली चण्याच्या डाळीएवढी बटणं. दुकानदार म्हणाला, “साब, इसमें पूरे दो सौ नंबर आते. अलारम बी है. काम डालो और भूल जाओ.” मी तीन रविवार बसून त्यात सगळी कामं टाकली. नंतर त्याच्या सल्ल्याप्रमाणे ती विसरलो, कारण यंत्र उघडायचा जो गुप्त शब्द मी ठरवला होता तोही त्याच यंत्रात लिहून ठेवला होता. पुन्हा गुलमंडी. त्यानं सुईनं मागचं एक बटण दाबलं. गुप्त शब्द गेला आणि तीन रविवारही गेले.

चौथ्या रविवारी पुन्हा सगळं भरलं. गजर मात्र उत्तम होता. कन्नडला एका जुन्या दुकानदाराच्या शोकसभेत दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे होते, तेव्हा माझ्या खिशातून मुलांच्या वाढदिवसाला वाजवतात तसली धून सुरू झाली. ती कशी बंद करायची हे मला माहीत नव्हतं. मी खिसा दाबून धरला तर ती पहिल्यापासून सुरू झाली. मयताच्या थोरल्या मुलानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर त्या दुकानात आमचा एकही नग गेलेला नाही. तरी यंत्राला दोष देता येणार नाही. ‘कन्नड, साडेदहा’ असं मीच त्यात घातलं होतं, आणि साडेदहाला मी कन्नडमध्येच होतो.

ही हकिगत आप्पासाहेबांच्या कानावर गेली. आप्पासाहेब म्हणजे आमचे घरमालक आणि शेजारी. गुलमंडीच्या मागच्या बोळात त्यांच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहत होतो. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त फक्त पगारापुरते. ते संध्याकाळी वर आले, डायरी उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली.

“बद्रीनाथराव, यंत्रावर कोणतंही राज्य चाललेलं नाही. निजामाचं नाही आणि नंतरचंही नाही. राज्य रजिस्टरावर चालतं. तुमच्या घरात आवक-जावक आहे का?”

नव्हती. दुसऱ्या दिवशी आली. लांबरुंद, कापडी बांधणीचं, लाल रेघांचं रजिस्टर. अनुक्रमांक, दिनांक, निरोप कोणाकडून, विषय, शेरा. ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी सुतळीनं बांधलं. घरात येणारा प्रत्येक निरोप त्यात चढवायचा आणि मी फिरतीहून आल्यावर खाली सही करायची, असा नियम झाला. पहिल्या आठवड्यात मी सही करायला बसलो, तर आशानं सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले. ‘गॅस सिलिंडर. कार्यवाही नाही.’ ‘मुलीची फी. स्मरणपत्र तिसरे.’ ‘पती. जावक सोमवार. आवक अनिश्चित.’ आप्पासाहेबांनी ते वाचलं आणि अशी समज असलेला कारकून आपल्याला आयुष्यात मिळाला नाही, असं म्हणाले.

आप्पासाहेबांनी शिस्त लावायच्या भरात नव्या घरी फोन हलवायचा अर्जही स्वतः लिहून दिला. अर्ज इतका नमुनेदार होता की घेणाऱ्या बाईंनी तो शेजारच्या टेबलावर वाचायला दिला. ‘सोबत सहपत्रे तीन’ असं खाली लिहिलं होतं. जोडलेली दोन होती. अर्ज त्रुटीसह परत आला. तिसरं सहपत्र कोणतं, हे आप्पासाहेबांनाही शेवटपर्यंत आठवलं नाही, पण अर्जात लिहिलंय म्हणजे ते असणार, यावर ते ठाम राहिले. फोन गुलमंडीलाच राहिला. ही गोष्ट तेव्हा क्षुल्लक वाटली होती.

आता सुधारायचा राहिला होता सोनाजी. त्याला शेडमध्ये समोर बसवून मी दोन नियम सांगितले. पहिला, बाजारांची नावं यापुढं बंद. लासूर नाही, बोरगाव नाही. दुसरा, आणि हा आप्पासाहेबांनी घालून दिलेला, तोंडी निरोप शब्दशः सांगायचा. आपल्या मनाचं काही मिसळायचं नाही.

“म्हंजी जसा आला तसा?” सोनाजीनं विचारलं.

“जसा आला तसा. काना नाही, मात्रा नाही. मध्ये डोकं घालायचं नाही.”

“डोकं नाय घालायचं,” सोनाजी म्हणाला, आणि त्यानं ते इतक्या सहज मान्य केलं याचा मला तेव्हा आनंद झाला.

वास्तुशांती रविवारी होती. त्या आठवड्यात मी सोमवारी निघालो, कारण शनिवारी परतायचं हे डायरीत होतं, रजिस्टरात होतं, आणि काकासाहेबांच्या आग्रहाखातर रुमालाच्या टोकाला मारलेल्या गाठीतही होतं. काकासाहेब स्वतः आयुष्यभर उपरण्याला गाठी मारत आले. कोणती गाठ कशाची हे त्यांना आठवत नाही, पण काहीतरी राहिलंय एवढं नक्की कळतं, असं ते म्हणतात.

मंगळवारी सकाळी मी सोनाजीला वैजापुरात तात्यासाहेबांच्या मशिनरीच्या दुकानी सोडलं. जुना माल वेगळा काढायचा होता. मी व्हॅन घेऊन कन्नडकडं गेलो. इकडं मंगळवारी दुपारी गुरुजी आमच्या घरी आले आणि म्हणाले की रविवारी त्यांना दुसरीकडं लग्न लावायचं आहे, दोन्हीकडचे नारळ त्यांनी चुकून एकाच दिवसाचे घेतले आहेत. गुरुजींकडं डिजिटल डायरी नव्हती. त्यांनी पंचांग उघडून रविवार मोडला आणि गुरुवार काढला. आशानं लगेच वैजापूरला फोन लावला. तात्यासाहेबांनी तो घेतला, त्यांनाही आमंत्रण मिळालं, आणि मी तिथं नाही हे कळल्यावर त्यांनी फोन सोनाजीच्या हातात दिला. आशा म्हणाली, “मालकांना सांगा, वास्तुशांती आता परवा हाय. परवा सकाळी सातला पाटावर बसायचं. समदी कामं सोडून या.”

तो मंगळवार होता. परवा म्हणजे गुरुवार.

बुधवारी संध्याकाळी मी वैजापूरला परत आलो. तात्यासाहेब बाजार समितीच्या बैठकीला गेले होते. सोनाजी दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला, हात बाजूला घेतले आणि डोळे मिटून म्हणाला, “वैनीबाईंचा निरोप. मालकांना सांगा, वास्तुशांती आता परवा हाय. परवा सकाळी सातला पाटावर बसायचं. समदी कामं सोडून या.”

काना नाही, मात्रा नाही. मला भरून आलं. तो बुधवार होता. परवा म्हणजे शुक्रवार.

मी डायरी उघडली आणि रविवार पुसून शुक्रवार सकाळी सात असं घातलं. गुरुवारचं जालना आणि शुक्रवारचं अंबड पुढं ढकललं. तरी खात्री करावी म्हणून घरी फोन केला. सहा वेळा केला. गुलमंडीच्या घरी फोन वाजत राहिला आणि माणसं सगळी नव्या घरी तोरणं बांधत होती, जिथं फोन नव्हता. कोणी उचलत नाही म्हणजे तयारी जोरात आहे, असा मी निष्कर्ष काढला. तो बरोबर होता.

गुरुवार अख्खा मोकळा होता. मोकळा दिवस वाया घालवायचा नाही, हा शिस्तीचा पाया आहे. मी लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी सातच्या ठोक्याला व्हॅन गॅरेजात सर्व्हिसिंगला टाकली. बरोबर सातला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. मेस्त्रीनं साडेसातपर्यंत इंजिनाचे भाग सोडवून पोत्यावर मांडले. दुपारी निघायचं, संध्याकाळी घरी. शुक्रवारच्या सातला अजून बारा तास बाकी असणार. समोरच्या टपरीवर चहा घेताना माझी मलाच गंमत वाटत होती. आशा दार उघडेल, मला बघेल आणि घड्याळाकडं बघेल, असं मी डोळ्यांसमोर आणत होतो.

नऊच्या सुमारास तात्यासाहेबांची जीप टपरीसमोर थांबली. पांढरं कडक इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. मागं त्यांच्या पत्नी वच्छलाबाई पैठणी नेसून, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन.

“तुमी हितं?” तात्यासाहेब म्हणाले.

“गाडी उघडलीय. तुम्ही कुठं निघालात एवढं नटून?”

तात्यासाहेबांनी वच्छलाबाईंकडं पाहिलं. वच्छलाबाईंनी पिशवीकडं पाहिलं.

“तुमच्या वास्तुशांतीला,” तात्यासाहेब म्हणाले. “पूजा सातलाच बसली असंल. आमी जेवायच्या वक्ताला पोचू म्हणून निवांत निघालो. मंग पाटावर कोण हाय?”

चहाचा पेला मी कुठं ठेवला ते मला आठवत नाही. पोत्यावरचं इंजिन दोन तासांत जुळणार नव्हतं. मी आणि सोनाजी जीपमध्ये चढलो, आणि माझ्याच घरच्या कार्याला मी दुसऱ्याच्या गाडीतून पाहुणा म्हणून निघालो.

गंगापूर मागं पडलं. मी सोनाजीला विचारलं, “निरोप मंगळवारचा होता, हे तू सांगितलं का नाहीस?”

“तुमी म्हणले जसा आला तसा.”

“अरे, मंगळवारचा परवा बुधवारी उद्या होतो.”

“मला ठावं व्हतं की,” सोनाजी म्हणाला. “त्वांडावर आलंतं, उद्या म्हणावं. पर मंग ते माझं डोकं झालं असतं. म्हणलं मालकांच्या मशिनीत परवाचं उद्या आपसूक व्हत असंल. बाजाराचं नाव घ्यायची बंदी, नाय तर बोरगावच्या बाजारादिशी म्हणलो असतो, विषय मिटला असता.”

“बोरगावचा बाजार गुरुवारी?” मी विचारलं.

“चौदा वर्सं झाली मालक. दर गुरुवारी.”

आपल्या भाषेत मामाच्या बायकोला वेगळा शब्द आहे, काकाच्या बायकोला वेगळा, नवऱ्याच्या बहिणीला वेगळा आणि नवऱ्याच्या भावाच्या बायकोला तर आणखीनच वेगळा. एवढी उधळपट्टी करणाऱ्या लोकांनी होऊन गेलेल्या आणि व्हायच्या असलेल्या, अशा दोन दिवसांना मिळून एकच परवा ठेवावा, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. वच्छलाबाई मागून म्हणाल्या, “शब्दाला कशाला बोल लावता. येणारा माणूस कोणत्या बी परवाला येतोच.”

पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दारात मांडव, लाउडस्पीकर, केळीचे खांब. घर छान दिसत होतं. इतकं छान दिसेल याची मला कल्पना नव्हती, कारण रंग लावलेला मी पाहिलाच नव्हता. आत मंत्र चालू होते, म्हणजे पूजा अडली नव्हती. जिवात जीव आला. मी पायावर पाणी घेऊन माजघरात शिरलो.

आशा पाटावर बसली होती. हिरवी साडी, नाकात नथ, डोळे धुरानं लाल. तिच्या शेजारी दुसरा पाट होता. त्यावर तांदळाची रास, राशीवर विड्याचं पान आणि पानावर एक सुपारी. चांगली टपोरी. सुपारीला गंध लावलेलं होतं, अक्षता वाहिलेल्या होत्या, आणि पाटाभोवती माझं उपरणं गुंडाळून त्याचं टोक आशाच्या पदराला गाठीनं बांधलेलं होतं. पुढं काकासाहेबांनी टॉवेल-टोपीचा आहेर ठेवला होता. तोही सुपारीपुढं.

मी पुढं सरकलो. गुरुजींनी मंत्र न थांबवता हातानं मला मागं सारलं. थोड्या वेळानं श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, “आता नाही. संकल्प सुटलाय. कर्ता बदलता येत नाही.”

“पण मूळ कर्ता मीच आहे,” मी म्हणालो.

“वेळेला जो पाटावर असतो तो कर्ता,” गुरुजी म्हणाले आणि पुढचा मंत्र सुरू केला.

आप्पासाहेबांनी माझं मनगट धरून मला मांडवात नेलं आणि सकाळची हकिगत क्रमवार सांगितली. सात वाजता सगळी तयारी होती. साडेसातपर्यंत वाट पाहिली. पावणेआठला काकासाहेबांनी उपरण्याच्या सगळ्या गाठी सोडून पाहिल्या. आठला गुरुजी म्हणाले, मुहूर्त चाललाय. बायको नसेल तर पुरुषानं कमरेला सुपारी खोचून बसायचं, अशी रीत आहे. पण नवऱ्याच्या ठिकाणी बायकोशेजारी सुपारी चालते की नाही, याचा आधार बघावा लागेल.

“मी सांगितलं, अधिकारी दौऱ्यावर असला की प्रभारी नेमता येतो,” आप्पासाहेब म्हणाले. “पण गुरुजी ऐकेनात. शेवटी आशाबाई बोलल्या.”

“काय म्हणाली?”

आप्पासाहेब जरा घुटमळले. “म्हणाल्या, गुरुजी, तुमी सुपारी ठिवा. बावीस वर्सं चाललं, आज न चालायला काय झालं.”

आप्पासाहेबांच्या मते हा पूर्वापार वहिवाटीचा मुद्दा बिनतोड होता, आणि गुरुजींनी लगेच तांदूळ मागवले.

मी पंगतीत बसलो. शेजारी फरशीवाला होता, ज्याच्याशी आशा भांडली होती. तो मला कधी भेटलेला नव्हता. बुंदी वाढून झाल्यावर त्यानं विचारलं, “तुमी कोणाकडचे?” मी म्हणालो, घरच्यांपैकीच. तो म्हणाला, बाई लई खमक्या हायत, एक फरशी वाकडी बसवू दिली नाय, मालक मात्र कधी दिसले नायत. मी म्हणालो, ते फिरतीवर असतात. तो म्हणाला, बरोबर, फुटबॉलमधी हायत म्हणं. मी भात मागून घेतला.

दुपारी पाहुणे पांगले. गुरुजी दक्षिणा घेऊन सामान आवरत होते. पूजेची फुलं, पानं, तांदूळ त्यांनी विसर्जनासाठी एका टोपलीत गोळा केले आणि सुपारीकडं हात नेला, तेव्हा आशानं ती उचलून घेतली. पदरानं तिचं गंध पुसलं आणि नव्या देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, एका वाटीत ठेवली.

“हिचं विसर्जन करायचं असतं,” गुरुजी म्हणाले.

“राहू द्या घरातच,” आशा म्हणाली. “सांगितलेल्या जागी बसती. मला तेवढं पुरं.”

ती माझ्याशी भांडली नाही. मी परवाचा सगळा घोळ, वार धरून, नीट समजावून सांगितला. तिनं पूर्ण ऐकून घेतला आणि चूक कोणाचीच नाही असं मान्यही केलं. मग म्हणाली, “चार तास होमाच्या धुरात बसले. मनात म्हणत व्हते, आत्ता येतेल, आत्ता येतेल. नंतर म्हणणं सोडलं, तर डोळ्याचं पाणी थांबलं.” तिनं हे भांडी मोजता मोजता सांगितलं. बाहेर जाऊन मी मांडव सोडणाऱ्यांना बांबू धरू लागलो.

शुक्रवारी सकाळी सात वाजता माझ्या खिशात वाढदिवसाची धून वाजली. मी घरीच होतो.

डायरी आता शेडमध्ये टेबलाच्या खणात आहे. रजिस्टर आप्पासाहेबांनी परत मागून घेतलं, कारण आमच्या घरातल्या नोंदी पाहता ते जपून ठेवण्यासारखं आहे असं त्यांचं मत पडलं. सोनाजीला मी बाजारांची नावं घ्यायची मोकळीक दिली, आणि डोकं घालायचीही. त्यानं ती उपकार केल्यासारखी स्वीकारली.

सोमवारी मला वैजापूरला जायचं होतं. व्हॅन अजून पोत्यावरच होती. पिशवी घेऊन मी दाराशी आलो. आशा देवघरासमोर बसून वात लावत होती. बाळकृष्णाला एक फूल वाहिलं, आणि एक शेजारच्या वाटीत ठेवलं.

“येतो,” मी म्हणालो. “शनिवारी नक्की.”

“या सावकाश,” ती मागं न बघता म्हणाली. “घरात गडीमाणूस हाय.”